आप्पासाहेब भोसले : नायक की खलनायक?

रायपुरात मराठी माणूस केव्हा आणि कसा आला, असे कोणी विचारले म्हणजे आपल्या घराघरांतून बहुधा एकच उत्तर मिळते : "भोसल्यांच्या फौजेबरोबर." हे उत्तर सर्वांच्या बाबतीत खरे नाही. आपल्यापैकी कितीतरी घराणी पुढे इंग्रजी अमलात कचेऱ्या, शाळा, आगगाडी आणि वकिली यांच्या निमित्ताने इकडे आली. तरीही भोसल्यांचे नाव घेतल्याखेरीज आपली कूळकथा सुरू होत नाही. १७४१ साली भास्करराम कोल्हटकरांची फौज रतनपुराशी येऊन ठेपली आणि हैहयवंशी रघुनाथसिंहाचे राज्य भोसल्यांच्या अंकित झाले. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत पहिल्या रघूजींचे पुत्र बिंबाजी रतनपुरास राहून या प्रांताचा कारभार पाहत होते. रामटेकडीवरील राममंदिर त्यांचेच. ही दोन नावे आपण अभिमानाने उच्चारतो. तिसऱ्या एका नावाजवळ आलो की मात्र आपला स्वर खाली येतो. ते नाव मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसले यांचे.

आप्पासाहेबांचा आणि आपल्या या गावाचा संबंध काय, असे कोणास वाटेल. संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. बिंबाजींच्या मागून छत्तीसगड त्यांचे पुतणे व्यंकोजी यांच्या वाट्यास आले. व्यंकोजी स्वतः येथे राहिले नाहीत. नागपुरात बसून सुभेदारांमार्फत त्यांनी हा प्रांत चालविला आणि १८११ साली काशीक्षेत्री देह ठेवला. आप्पासाहेब हे या व्यंकोजींचे चिरंजीव. दुसरा संबंध त्यांच्या पतनाचा. १८१८ साली आप्पासाहेब पदच्युत झाले, नागपूरच्या राज्याचा कारभार इंग्रज रेसिडेंटाच्या हाती गेला, आणि छत्तीसगडावर आधी एडमंड्स व त्याच्या मागून ॲग्न्यू हे इंग्रज अधिकारी नेमले गेले. या ॲग्न्यूने प्रांताचे मुख्य ठाणे रतनपुराहून हलवून रायपुरास आणले. कलचुरींच्या धाकट्या शाखेची राजधानी म्हणून रायपूर पूर्वीही नांदते होते. परंतु साऱ्या छत्तीसगडाचे मुख्य ठिकाण म्हणून त्याचे दैव उघडले ते त्या वर्षी. एका राजाचे नशीब फिरले म्हणून आपल्या गावाचे नशीब फळाला आले, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

या राजाविषयी दोन मते आजवर चालत आली आहेत. एका मताप्रमाणे ते इंग्रजांशी लढलेले नागपूरचे शेवटचे स्वाभिमानी भोसले. दुसऱ्या मताप्रमाणे ते आपल्या पंगू चुलतभावाचा जीव घेऊन गादीवर बसलेले आणि अंगच्या भित्रेपणाने ती गादी घालविलेले एक कारस्थानी गृहस्थ. दोन्ही मतांचे लोक दुसऱ्या बाजूचा पुरावा हळूच बाजूला सारतात, हे त्यांचे लेख वाचताना ध्यानात येते. आपण तसे न करता घडले ते क्रमाने पाहू.

नागपूरचे दुसरे रघूजी भोसले २२ मार्च १८१६ रोजी वारले. १८०३ च्या युद्धात असई, अडगाव आणि गाविलगड येथे पराभव पत्करून, देवगावच्या तहाने कटक प्रांत आणि वर्धेपलीकडील वऱ्हाड त्यांना सोडावे लागले होते. राज्य लहान झाले. तथापि एक गोष्ट रघूजींनी अखेरपर्यंत केली नाही : इंग्रजांची तैनाती फौज त्यांनी आपल्या दाराशी येऊ दिली नाही. कंपनी सरकार बारा-तेरा वर्षे निरनिराळ्या मार्गांनी तिचा आग्रह धरीत होते, आणि हा म्हातारा राजा, ज्याला लोक कंजूष म्हणून नावे ठेवीत, तितकीच वर्षे ती टाळीत राहिला. रघूजींच्या धोरणातील हा चिवटपणा आपल्या इतिहासकारांनी पुरेसा गौरविलेला नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

रघूजींचे पुत्र परसोजी हे गादीचे वारस. शरीराने लुळे, दृष्टीने अधू आणि बुद्धीने मंद असा हा दुर्दैवी राजपुत्र होता. राज्य चालविणे त्यांच्या हातून होण्यासारखे नव्हते, हे सर्वांस दिसत होते. तेव्हा मुखत्यारी कोणाकडे जावी यावरून वाड्यात दोन पक्ष पडले. एका बाजूस रघूजींच्या आवडत्या राणी बाकाबाई आणि रघूजींचे दासीपुत्र धर्माजी. दुसऱ्या बाजूस वीस वर्षांचे आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी धर्माजींस कैद केले आणि मे महिन्यात धर्माजींचा कैदेतच अंत झाला. तो मारविला गेला याविषयी फारशी शंका कोणी घेतलेली नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस, २७–२८ मेच्या रात्री, आप्पासाहेबांच्या वतीने रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्याशी गुप्तपणे तह झाला. चुलत्याने बारा वर्षे जे टाळले होते, ते पुतण्याने दोन महिन्यांत मान्य केले. वर्षाला साडेसात लाख रुपये देऊन तैनाती फौज नागपूरच्या राज्यात आणावयाची, आणि त्या बदल्यात कंपनीने आप्पासाहेबांच्या मुखत्यारीस पाठबळ द्यावयाचे, असा तो व्यवहार होता.

पुढे सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांचे नशीब ज्या पलटणींनी फिरविले, त्या या तहानेच नागपुरात आल्या. ज्या विहिरीत आप्पासाहेब पडले ती त्यांनी स्वतः, स्वतःच्या पैशाने खणविली होती.

आता परसोजींचा मृत्यू. १ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी आपल्या बिछान्यात मरून पडलेले आढळले. आप्पासाहेब त्या वेळी चांद्यास होते. परसोजींची एक राणी काशीबाई सती गेली. आप्पासाहेब नागपुरास परतले व गादीवर बसले. गावात कुजबुज झाली. रेसिडेंटाच्या कानावरही ती गेली. पण त्या वेळी कंपनीने चौकशीचा घोर लावून घेतला नाही, कारण तैनाती फौजेच्या तहावर सही करणारा हाच मनुष्य होता. खुनाचा पुरावा गोळा झाला तो एका वर्षानंतर, १८१८ मध्ये, आप्पासाहेब कैदेत पडल्यावर. तो गोळा करणारा जेंकिन्स होता. साक्षी देणाऱ्यांपैकी वाड्यातले लोक आता बाकाबाईंच्या हाताखाली होते. आणि त्या पुराव्याच्या आधारे आप्पासाहेबांस दूर सारून ज्यास गादीवर बसविले, तो रघूजींच्या कन्येचा अल्पवयीन मुलगा होता. तिसरे रघूजी या नावाने तो राजा झाला, बाकाबाई त्याच्या पालक झाल्या आणि राज्य प्रत्यक्षात जेंकिन्स चालवू लागला. न्यायाधीश, फिर्यादी आणि मिळकतीचा लाभ घेणारा हे तिघेही एकाच बाजूचे असतील तर त्या निकालाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हे कायदा जाणणाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

म्हणून परसोजींचा खून झालाच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. काही लेखकांनी तसे सुचविले आहे आणि मला ते पटत नाही. परसोजींच्या मृत्यूने लाभ होणारा मनुष्य एकच होता. आठ-नऊ महिन्यांपूर्वी धर्माजींच्या बाबतीत त्याच मनुष्याने हात आखडला नव्हता. आणि मृत्यूच्या दिवशी तो सोयीस्कर अंतरावर होता. पुरावा मिळविणाऱ्याचा हेतू मलिन असला म्हणून पुरावा खोटा ठरत नाही. न्यायालयात आप्पासाहेब संशयाचा फायदा घेऊन सुटले असते. इतिहासापुढे मात्र मला त्यांना या रक्तातून सोडविता येत नाही.

येथे पुण्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तेथेही पुतण्या-चुलता हेच नाते, तीच मसनदीची ओढ. रघुनाथराव उत्तरेत पार लाहोरपर्यंत मराठी घोडी नेणारे सेनापती होते, म्हणून त्यांना कोणी मोकळे सोडले नाही. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, रघुनाथरावांच्या तोंडावर त्यांना दोषी ठरविले आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ते अमलात आले नाही, ही गोष्ट वेगळी. महत्त्वाचे हे की निकाल घरातल्या माणसाने दिला. ज्याला त्या निकालातून एक दमडीही मिळावयाची नव्हती, उलट पद सोडावे लागणार होते, अशाने दिला. त्यामुळे रघुनाथरावांविषयी मराठी मनात आज संदिग्धता उरलेली नाही. त्यांचे पराक्रमही आपण मोकळेपणी सांगतो आणि त्यांचा अपराधही. नागपुरास रामशास्त्री निघाला नाही. १८१७ च्या फेब्रुवारीत दरबारातील एकाही मानकऱ्याने, कारभाऱ्याने वा शास्त्र्याने गादीसमोर उभे राहून प्रश्न विचारला नाही. तो प्रश्न विचारण्याचे काम एक वर्षाने परक्यावर पडले, आणि परक्याने तो आपल्या फायद्यासाठी विचारला. आप्पासाहेबांच्या बाबतीत आपली जी द्विधा मनःस्थिती होते तिचे मूळ मला या मौनात दिसते. दोष मान्य करावा तर जेंकिन्सची री ओढल्यासारखे होते. अमान्य करावा तर परसोजी डोळ्यांसमोर येतो.

रघुनाथराव आणि आप्पासाहेब यांच्यात आणखी एक फरक आहे, आणि तो आप्पासाहेबांच्या बाजूने जातो. रघुनाथराव आयुष्याच्या पूर्वार्धात राज्यासाठी लढले आणि उत्तरार्धात, १७७५ च्या सुरतेच्या तहाने, इंग्रजांच्या आश्रयास गेले. आप्पासाहेबांचा प्रवास उलट दिशेने झाला.

गादीवर बसताच तैनाती फौजेचा काच त्यांना जाणवू लागला. पुण्यात दुसरे बाजीराव याच विचारात होते. १८१७ च्या जूनमध्ये इंग्रजांनी बाजीरावांवर लादलेल्या तहाने पेशव्यांचे मराठेशाहीतील प्रमुखपणच काढून घेतले होते. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई होऊन पुण्यात उघड युद्ध पेटले. ही बातमी आल्यावर २४ नोव्हेंबर रोजी आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेला सेनासाहेब सुभा हा किताब आणि खिलत भर दरबारात स्वीकारली. रेसिडेंटालाही समारंभाचे निमंत्रण होते! पेशवे इंग्रजांशी लढत असताना त्यांच्या हातचा बहुमान उघडपणे घेणे म्हणजे युद्धाचीच घोषणा होती, आणि जेंकिन्सने तिचा अर्थ बरोबर ओळखला. त्याने सीताबर्डीच्या दोन्ही टेकड्यांवर आपली माणसे चढविली.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी लढाईस तोंड लागले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती चालली. इंग्रजांकडे सुमारे चौदाशे लोक होते. भोसल्यांकडे घोडदळ व पायदळ मिळून अठरा ते वीस हजार. त्यांतला खरा लढवय्या भाग म्हणजे अरबांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी धाकटी टेकडी घेतली आणि मोठ्या टेकडीवर तोफा डागल्या. रेसिडेंटाचा दुय्यम सोदबी त्या लढाईत पडला. त्या घटकेस जय भोसल्यांच्या हाताशी होता. इतक्यात कॅप्टन फिट्झजेराल्डने बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन टेकडीखालच्या मैदानातील सैन्यावर हल्ला चढविला. नंतर धाकट्या टेकडीवर अरबांच्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन गोंधळ उडाला, आणि ती टेकडी परत गेली. इंग्रजांचे ठार व जखमी मिळून साडेतीनशेंच्या वर लोक कामास आले, म्हणजे चौघांतला एक. इतकी किंमत मोजूनही ते टिकले.

या अठरा-वीस तासांत आप्पासाहेब कोठे होते? रणांगणावर नव्हते. आणि पराभव दिसताच त्यांनी रेसिडेंटाकडे निरोप धाडला की, फौजेने हे आपल्या आज्ञेवाचून केले. ज्या अरबांनी टेकडी घेताना आपले लोक गमावले, त्यांच्याविषयी त्यांच्या धन्याने हे शब्द काढावेत! पुढे डिसेंबरात जनरल डोव्हटन मोठी फौज घेऊन आला. १६ डिसेंबरला आप्पासाहेब आपले सैन्य मागे ठेवून इंग्रजांच्या छावणीत गेले. त्याच दिवशी ते सैन्य लढून मोडले. अरबांनी मात्र नागपूर शहरात कोंडून घेऊन डिसेंबर अखेरपर्यंत झुंज दिली व मानाच्या अटींवर बाहेर पडले. सीताबर्डीचा गौरव करावयाचा तर तो प्रथम या अनामिकांचा केला पाहिजे. आप्पासाहेबांनी त्या लढाईचे पितृत्व नाकारले होते. आपण ते त्यांच्यावर लादू नये.

परसोजी, सीताबर्डी आणि १६ डिसेंबर या तीन प्रसंगांत एक सूत्र आहे. आप्पासाहेबांची इच्छा दुसऱ्यांच्या हातून पुरी होते आणि ते स्वतः काही अंतरावर असतात. यश आले तर ते आपले, अपयश आले तर ते हुकमाबाहेरचे. क्रौर्यापेक्षाही हा त्यांचा खरा दोष मला वाटतो. राजाला क्रूर होऊन राज्य करता येते, याची उदाहरणे कमी नाहीत. परंतु आपल्या कृत्याशेजारी उभे न राहता राज्य करता येत नाही.

ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या नायकाविषयी सांगितले आहे की, तो सर्वस्वी सज्जन नसावा, सर्वस्वी दुर्जनही नसावा. त्याचे पतन त्याच्याच एखाद्या प्रमादातून व्हावे. मराठी रंगभूमीला हा नायक परका नाही. शेक्सपिअरचा मॅकबेथ शिवरामपंत परांजपे यांनी 'मानाजीराव' या नाटकात आणि पुढे वि. वा. शिरवाडकरांनी 'राजमुकुट' मध्ये मराठी वेषात उभा केला. निजलेल्या राजाचा घात करणारा हा मनुष्य आपण तीन तास पाहतो आणि तरीही त्याचा धिक्कार करून नाट्यगृहाबाहेर पडत नाही. याचे कारण उघड आहे. नाटककार आपल्याला त्याची स्वगते ऐकवितो. त्याला झोप येत नाही हे आपल्याला कळते. इतिहासातल्या माणसाला स्वगत नसते. आप्पासाहेबांनी आत्मवृत्त ठेवले नाही. त्यांची जी पत्रे पुढे आली त्यांतील कितीतरी शत्रूने वाटेत पकडलेली. मॅकबेथची सारी हकिगत त्याच्या वैऱ्यांच्या दप्तरातून आपल्यापर्यंत आली असती, तर तो आपल्याला कसा दिसला असता, याचा विचार करून पाहावा.

परंतु आप्पासाहेबांच्या जीवनात या नाटकात नसलेला एक अंक आहे, आणि तो सर्वांत लांब आहे.

६ जानेवारी १८१८ च्या करारान्वये जेंकिन्सने त्यांना पुन्हा गादीवर बसू दिले. प्रदेश मात्र मोठा काढून घेतला. दोन महिने गेले. पेशव्यांशी अद्याप पत्रव्यवहार चालू असल्याच्या आरोपावरून १५ मार्चला त्यांना व त्यांचे कारभारी नागोपंत आणि रामचंद्र वाघ यांना अटक झाली. अलाहाबादेस नेत असता, जबलपूरच्या वाटेवरील रायचूर नावाच्या मुक्कामातून १३ मेच्या रात्री आप्पासाहेब शिपायाचा वेष घालून निसटले. पहाऱ्यावरचे कंपनीचेच काही शिपाई त्यांना सामील होते. बिछान्यावर उशा रचून ठेवल्या होत्या, असे सांगतात. (कर्नाटकातील रायचूर निराळे, तेथे त्यांचा काही संबंध नाही.)

येथून पुढचा मनुष्य निराळाच दिसतो. महादेवाच्या डोंगरात, पचमढीच्या परिसरात, हर्रईचा गोंड राजा चैनशहा याने त्यांना आसरा दिला. ज्या गोंडांचे राज्य भोसल्यांनी एके काळी गिळले, त्यांच्याच डोंगरांत भोसल्यांचा राजा लपला आणि गोंड त्याच्यासाठी लढले, हा इतिहासाचा उलटा फेरा आहे. १८१८ च्या जुलैमध्ये बैतुलकडे कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापली गेली. इंग्रजांनी त्या डोंगरांना सर्व बाजूंनी वेढा घातला. फेब्रुवारी १८१९ मध्ये आप्पासाहेब चितू पेंढाऱ्याबरोबर वेढ्यातून निसटून अशीरगडाकडे गेले. चितूला जंगलात वाघाने खाल्ले. ९ एप्रिलला अशीरगड पडला, पण आप्पासाहेब तेथे सापडले नाहीत. ते लाहोरास रणजितसिंहाच्या राज्यात गेले. तेथेही दीर्घ आश्रय मिळेना, तेव्हा हिमालयाच्या पायथ्याशी मंडी संस्थानात राहिले, आणि अखेर जोधपुरास महाराजा मानसिंह यांच्याकडे आले. इंग्रजांनी त्यांना हवाली करण्याची मागणी केली. शरण आलेल्यास देणे राजपूत धर्मात बसत नाही, या भूमिकेवर मानसिंह ठाम राहिले. जोधपूरच्या महामंदिरात १८४० साली आप्पासाहेबांचा अंत झाला. गादी गेल्यावर बावीस वर्षे!

या बावीस वर्षांचे मोल समजण्यासाठी शेजारी बाजीरावांस उभे करावे. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले, आणि वर्षाला आठ लाखांचे निवृत्तिवेतन घेऊन ब्रह्मावर्ती १८५१ पर्यंत राहिले. ज्यांनी खिलत पाठविली ते निवांत बसले. ज्यांनी ती अंगावर घेतली ते रानोमाळ फिरले. आजवर दुसऱ्यांना पुढे करणाऱ्या आप्पासाहेबांनी हा मार्ग स्वतःच्या पायांनी चालला. तेथे नाकारावयास फौज नव्हती आणि दोष द्यावयास कारभारी नव्हते. राजा म्हणून ते खलनायक ठरतात, असे माझे मत आहे. पदच्युत झाल्यावर ते त्या मापात मावत नाहीत. भासाच्या 'ऊरुभंगा'तील दुर्योधन मांड्या मोडल्यावर मोठा होतो, तसे काहीसे येथे झाले. पण दुर्योधनाच्या मृत्यूने लाक्षागृह विझत नाही. पदच्युतीनंतरची बावीस वर्षे परसोजींच्या त्या रात्रीच्या खात्यावर जमा करता येत नाहीत. ती दोन खाती निराळी आहेत आणि निराळीच ठेवली पाहिजेत.

आपण रायपूरकरांनी आणखी एका बाजूचा विचार केला पाहिजे. नायक की खलनायक हा वाद नागपुरात घातला जातो. छत्तीसगडच्या खेड्यांत तो कोणी घालीत नाही. व्यंकोजींच्या काळापासून १८१८ पर्यंत हा प्रांत सुभेदारांच्या हाती होता, आणि वसुलीपलीकडे त्याची वास्तपुस्त फारशी घेतली गेली नाही. ॲग्न्यूने लिहिलेल्या १८२० च्या अहवालात या सुभेदारीचे चित्र काळे आहे. तो परका होता आणि आपल्या अमलाची थोरवी दाखविणे त्याच्या सोयीचे होते, हे मान्य. पण येथल्या शेतकऱ्याची स्मृतीही त्याच्याहून फार निराळे सांगत नाही. येथल्या लोकांचा वीर म्हणजे सोनाखानचा जमीनदार नारायणसिंह. दुष्काळात व्यापाऱ्याचे धान्य त्याने भुकेल्यांस वाटले. कंपनीच्या दप्तरात तो लुटारू म्हणून नोंदला गेला आणि १० डिसेंबर १८५७ रोजी याच रायपुरात त्याला फाशी दिले. त्याच्याविषयी वाद नाही, कारण दप्तर काहीही म्हणो, ज्यांच्यासाठी तो उभा राहिला त्या लोकांनी त्याचा निकाल स्वतः दिला. आप्पासाहेबांच्या वाट्यास असे लोक आले ते महादेवाच्या डोंगरात, आणि तेही राज्य गेल्यावर. छत्तीसगड त्यांच्या वडिलांच्या वाट्याचा मुलूख; पण संकटाच्या काळात रतनपुराकडे वळावे असे त्यांना वाटले नाही, आणि वळले असते तर कोणी दार उघडले असते की नाही, कोण जाणे.

१८३० साली छत्तीसगड तिसऱ्या रघूजींच्या ताब्यात परत आले. भोसल्यांचा पहिला जिलेदार कृष्णराव आप्पा रायपुरास कामावर रुजू झाला. रतनपूर मागे पडले होते. नव्या कारभाऱ्यांनी ॲग्न्यूनेच नेमलेले ठाणे कायम ठेवले. मोडी लिहिणारी बोटे या गावात स्थिरावली. पुढे २४ वर्षे हा अंमल चालला. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. त्यांनी ना कोणाचा खून केला होता, ना इंग्रजांवर शस्त्र उचलले होते. राज्य तरीही गेले.

आप्पासाहेबांचे नाव मात्र त्यांच्या मृत्यूनंतरही काही वर्षे जिवंत होते. १८४९ साली वऱ्हाडात एक इसम पुढे आला आणि आपणच नागपूरचे आप्पासाहेब असे सांगू लागला. खरे आप्पासाहेब नऊ वर्षांपूर्वी जोधपुरात वारले होते, आणि गादी जाऊन एकतीस वर्षे झाली होती. तरी त्या नावाभोवती माणसे जमली, हत्यारे निघाली, आणि त्यांना पांगविण्यासाठी फौज पाठवावी लागली.